गॅलरीतलं मातृरोप

शेवंती लावायची आणि तिला फूल येऊ द्यायचं नाही, हा नेम भायखळ्याच्या एका चाळीतले काका वर्षानुवर्षं पाळत आलेत. राणीबागेत माळी म्हणून नोकरी झाली, निवृत्त झाले, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत त्यांनी आठ इंची कुंड्यांत चार मातृरोपं ठेवली. दोन पिवळी, एक पांढरं, एक तांबूस. वीतभर उंचीची, पसरट, फुटव्यांनी गच्च. दर पावसाळ्यात त्यांच्या शेंड्यांचे तुकडे काढून काका रोपं करतात आणि ती चाळीत, शेजारच्या वाडीत, देवळात वाटतात. दिवाळीच्या पुढेमागे फुलं येतात ती त्या वाटलेल्या रोपांना. मूळ रोप कळीपर्यंत पोचतच नाही.

त्याच मजल्यावर एक ताई राहतात. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. काकांनी त्यांना फ्रॉकमध्ये पाहिलेलं, त्यामुळे त्यांच्यासाठी त्या आजही "अगं". काकांच्या हाताबद्दल ताईंना आदर आहे, पण त्यांची पद्धत मान्य नाही. या दोघांचं बोलणं मी इथे उतरवतोय, कारण महाराष्ट्राची फळबाग जवळजवळ सगळी याच प्रश्नावर उभी आहे. नाशिकचं द्राक्ष, सांगोल्याचं डाळिंब, जळगावची केळी, देवगडचा हापूस: एका चांगल्या झाडाचे तुकडे करत राहायचं, की बी पेरून दर वेळी नव्यानं शोधायचं?

ताई: काका, एवढी मेहनत करता, मग एकदा बी का पेरून बघत नाही?

काका: पेरलं तर काय येईल ते तूच सांग. तू शिकवतेस.

ताई: काहीही येईल. शेवंतीत गुणसूत्रांचे सहा संच असतात आणि स्वतःच्या परागावर ती सहसा बी धरत नाही. प्रत्येक बी म्हणजे दोन झाडांची सरमिसळ. शंभर बिया पेरल्या तर शंभर तऱ्हा.

काका: मग झालं की. मला शंभर तऱ्हा नकोत. पलीकडच्या वाडीतल्या आजींना गेल्या वर्षीचीच पिवळी हवी असते. दादरच्या फूल मंडईत जा. दसऱ्याला माणूस पिवळी मागतो तेव्हा त्याला पिवळीच लागते. थोडी पिवळी, थोडी विटकरी चालत नाही. बी त्याची खात्री देत नाही, तुकडा देतो. तुकडा म्हणजे तेच झाड, दुसऱ्या कुंडीत.

ताई: तेच झाड आहे म्हणूनच तर मला काळजी वाटते.

काका: काळजीचं नंतर बोलू. आधी हे ठेवायचं कसं ते बघ, कारण तुमच्या पुस्तकात हे चार ओळींत आटपतात.

काकांनी एक कुंडी उचलून कठड्यावर ठेवली. पुढचं मी त्यांच्या हाताकडे बघत लिहून घेतलं. शेवंतीचा बहर संपला की पौषाच्या सुमाराला ते दांडा जमिनीपासून वीतभर ठेवून छाटतात. बुडातून काश्या फुटतात. त्यातली जाड, आखूड पेरांची काशी निवडून नव्या कुंडीत लावायची. हीच पुढच्या वर्षाची आई. पाच-सहा पानं आली की शेंडा चिमटीत धरून खुडायचा. एका शेंड्याच्या जागी दोन-तीन फुटवे येतात. तेही चार-पाच पानांचे झाले की खुडायचे. प्रत्येक खुडीला खाली दोन पानं तरी राहिली पाहिजेत, कारण नवा फुटवा पानाच्या बेचक्यातूनच येतो. असं तीन-चार वेळा केलं की रोप उंच न होता भरतं.

काका: कुंडी मोठी घेऊ नये. मोठ्या कुंडीत मुळं सैरावैरा धावतात आणि दांडे लांबतात. खतही बेतानं. नत्र जास्त झालं की काडी पोचट होते, तिला मूळ धरत नाही, ती कुजते. आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त शेंडे काढायचे नाहीत. लोक अधाशासारखे सगळे काढतात आणि मग रोप बसलं म्हणून रडतात.

ताई: तुकडा केवढा घेता?

काका: दोन-अडीच इंच. पेराच्या लगेच खाली कापायचा. खालची दोन पानं काढायची, वरची ठेवायची. निम्मी वाळू, निम्मा कोकोपीट. वर प्लास्टिकची पिशवी उलटी घालायची, पण पावसाळ्यात तिला भोकं हवीत, नाहीतर आत बुरशी. दोन-तीन आठवड्यांत मूळ. हलकेच ओढून बघायचं, सोडलं नाही की समजायचं लागलं.

ताई: आणि तुमच्या मातृरोपांना कळ्या येत नाहीत, ते या खुडण्यामुळे असं तुम्ही म्हणता. पण खरं कारण तुमच्या गॅलरीसमोर उभं आहे.

ताईंनी रस्त्यावरच्या दिव्याकडे बोट दाखवलं. खांबाचं टोक तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला भिडायला आलंय आणि त्या कोपऱ्यात रात्रभर वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड असतो.

इथे ताईंचं म्हणणं पूर्ण खरं आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे. गार्नर आणि ॲलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये दाखवून दिलं की अनेक वनस्पती दिवस केवढा आहे हे ओळखून फुलतात. पुढे 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी त्यातली खोच सांगितली: झाड खरं तर रात्र मोजतं. लांबलचक अंधाराच्या मध्यावर थोडा वेळ जरी दिवा लावला, तरी झाडाच्या लेखी ती रात्र तुटते. शेवंती लांब रात्रीत कळी धरणारी. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत छोटा अकरा तासांचा. म्हणजे आपल्याकडे शेवंतीला फुलायला पुरेशी लांब रात्र वर्षातला बराचसा काळ असतेच. मातृरोप पानावरच ठेवायचं तर रात्र तोडणं भाग आहे. पॉलिहाऊसमध्ये शेवंती घेणारे शेतकरी मध्यरात्री काही तास दिवे लावतात ते याचसाठी. काकांच्या गॅलरीत ते काम महापालिकेच्या दिव्यानं परस्पर केलं होतं.

काका: म्हणून त्या टोकाला ठेवलेली कुंडी मार्गशीर्षात फुलली होय! मला वाटलं, खुडायची राहिली.

ताई: त्या टोकाला जिन्याची सावली पडते.

काका: बघ, शास्त्र कुणाच्या बाजूनं बोललं? दिवा आहे म्हणून आई टिकते. आणि आई आहे म्हणून बारा महिने मागेल त्याला रोप मिळतं.

ताई: मागेल त्याला रोप मिळतं, आणि रोपाबरोबर आणखी काय मिळतं? काका, तुम्ही ब्लेड कशानं पुसता?

काका: स्पिरिटनं. कधी मेणबत्तीवर धरतो.

ताई: बुरशीला ते चालेल. विरॉइडला नाही.

या वादात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच भाग. विरॉइड म्हणजे विषाणूपेक्षाही लहान रोगकारक. प्रथिनाचं कवचसुद्धा नाही, नुसता आरएनएचा एक छोटा वेटोळा. थिओडोर डीनर यांनी 1971 मध्ये बटाट्याच्या एका रोगात तो पहिल्यांदा ओळखला. पण शेवंतीवाल्यांना त्याचा मार त्याआधीच बसला होता. 1940च्या दशकात अमेरिकेतल्या हरितगृहांत शेवंती खुरटू लागली. पानं लहान, फूल निम्म्या आकाराचं आणि वेळेआधी. रोग पसरला तो तुकड्यांतून. मोजक्या पुरवठादारांच्या मातृरोपांतून लाखो रोपं जात होती. आईत एकदा शिरलेला रोग प्रत्येक पिशवीतून पुढे गेला. वाईट हे की काही जातींच्या रोपांवर काहीच दिसत नाही. रोप हिरवंगार, तजेलदार, आणि तरी बाधलेलं. मग कापणाऱ्याच्या ब्लेडवरून तो शेजारच्या कुंडीत जातो.

नेमकी हीच गोष्ट अलीकडे गांजाच्या शेतीत घडली. कॅनडानं 2018 मध्ये गांजा कायदेशीर केला, अमेरिकेच्या काही राज्यांतही तो आहे, आणि तिथे ठेंगणी मातृरोपं दिव्याखाली ठेवून तुकड्यांवर सगळा धंदा चालतो, कारण तेही झाड लांब रात्रीतच फुलतं. 2019 मध्ये कॅलिफोर्नियात उलगडा झाला की खुरटणाऱ्या, वास आणि चीक कमी झालेल्या त्या रोपांत हॉप्सच्या वेलीवरचा एक सुप्त विरॉइड शिरलाय. वाहक कोण? मातृरोपं आणि कात्र्या. आपल्याकडे 1985च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं ते झाड परवान्याविना लावणं हाच गुन्हा आहे, तेव्हा तो प्रयोग कुणी गॅलरीत करू नये. पण दोन वेगळ्या वनस्पती, दोन वेगळे विरॉइड, मधे पंचाहत्तर वर्षं, आणि चूक तीच.

काका: आपल्याकडचं सांग. अमेरिकेचं राहू दे.

ताई: सांगोल्याचं सांगते. तुमच्या मेहुण्यांची डाळिंबाची बाग होती ना?

काका: होती. तेल्यानं गेली.

ताई: रोपं कुठून आणली होती?

काका: शेजारच्याच्या बागेतून. गुटी बांधून घेतलेली. झाडं चांगली दिसत होती.

थोडा वेळ दोघंही बोलले नाहीत. तेल्या हा डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोग. फळावर तेलकट डाग पडतात, मग फळ तडकतं. 2000 नंतरच्या दशकात त्यानं सोलापूर, नाशिक, सांगली, नगर या जिल्ह्यांतल्या बागाच्या बागा उपटायला लावल्या. पाऊस आणि वारा त्याला बागेत फिरवतात, पण एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात तो गेला तो मुख्यतः बाधित झाडांवर बांधलेल्या गुट्यांतून. सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 मध्ये सुरू झालं. तेव्हापासून तिथले शास्त्रज्ञ शेतकऱ्यांना पहिली गोष्ट सांगतात ती हीच, की रोगमुक्त मातृवृक्षापासूनच रोप घ्या. ज्याच्याकडून गुटी घेतली त्या शेजाऱ्यानं काही वाईट मनानं दिलेली नसते. त्यानं प्रेमानं दिलेली असते. म्हणून मला वाटतं, वाटणाऱ्यावर विकणाऱ्याइतकीच जबाबदारी आहे, आणि फुकट दिलं म्हणून ती रतीभरही कमी होत नाही.

ताई: शिवाय एकाच आईची सगळी मुलं असली की रोगाला एकच किल्ली पुरते, सगळी कुलुपं उघडतात. केळीचं बघा. ग्रो मिशेल नावाची केळी एकेकाळी जगाच्या बाजारात होती. पनामा मर रोगानं विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती बाजारातून घालवली. तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. आपल्या जळगावची ग्रँड नैन त्याच कुळातली. आता त्याच रोगाचा नवा वाण कॅव्हेंडिशलाही मारतो आणि तो बिहार-उत्तर प्रदेशापर्यंत आलाय. सगळी बाग एका रक्ताची, पळणार कुठे?

काका: मग बी पेरलं की रोग येत नाही?

ताई: येतो. पण शंभरातली दहा उभी राहतात. आणि काका, गणेश डाळिंब कुठून आलं? 1936 मध्ये पुण्यात गणेशखिंडीच्या बागेत डॉ. चीमांनी आळंदी जातीच्या बियांची रोपं वाढवली, त्यातून निवडलं. गुटीच बांधत बसले असते तर आळंदीच राहिली असती.

काका: बरं. आता माझं ऐक. तास-ए-गणेश द्राक्ष कुठून आलं? सांगली जिल्ह्यात बोरगावच्या आरवे यांच्या मळ्यात. बियांतून नाही. थॉमसन सीडलेसच्या वेलीवरच एक काडी वेगळी निघाली, ती त्यांच्या नजरेनं टिपली आणि तिचीच कलमं केली. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांची सोनाका? तीही थॉमसनच्या वेलीतूनच. तुकडा म्हणजे मेलेला साचा नाही. तोही बदलतो. फक्त बघणारा डोळा लागतो.

ताई: हे मला मान्य आहे. शेवंतीत तर ते फार होतं. पांढऱ्या रोपाच्या एका फांदीला पिवळं फूल येतं. कितीतरी जाती अशाच निघाल्यात.

काका: हां! मग?

ताई: मग हे, की तुमच्या आईला फूलच येत नाही. फांदी बदलली तर तुम्हाला कळणार कसं?

काका हसले नाहीत. त्यांनी पांढऱ्या शेवंतीची कुंडी फिरवून चारी बाजूंनी पाहिली. मला हा या सगळ्या बोलण्यातला सर्वांत नेमका प्रश्न वाटला. फुलण्यापासून रोखलेलं रोप आपलं खरं रूप दाखवतच नाही. विरॉइडनं खुरटलेलं फूल, रंग बदललेली फांदी, दोन्ही कळतात ती फुलल्यावर. चांगला रोपवाटिकावाला म्हणूनच प्रत्येक मातृरोपाचा एखाद-दुसरा तुकडा वेगळा लावतो, फुलू देतो, त्याचं फूल मूळ जातीशी ताडून पाहतो, आणि मगच त्या आईचे पुढचे तुकडे विकतो. मातृरोप फार जुनंही करत नाही. काडी टणक होते, मूळ उशिरा धरते, कोवळ्या शेंड्यालाही अवेळी कळी दिसू लागते. काही महिन्यांनी आई काढून टाकायची, तिच्याच तपासलेल्या तुकड्यातून नवी करायची.

काका: माझी पिवळी किती वर्षांची आहे ठाऊक आहे? म्हणजे दरवर्षी काशी नवी, पण झाड तेच. बागेच्या नर्सरीतून आणलेली. ती मी टाकणार नाही.

ताई: टाका म्हणत नाही. तिची एक जोड ठेवा, दूर, वेगळ्या ब्लेडची. आणि ब्लीचच्या पातळ पाण्यात ब्लेड बुडवा. विरॉइडवर ते चालतं. प्रत्येक कुंडी झाली की पुन्हा बुडवा, मग पुढची.

काका: गंजेल ब्लेड.

ताई: नवं ब्लेड घ्या काका. रोपापेक्षा स्वस्त आहे.

काका: घेईन. पण तू राणीबागेतल्या उर्वशीला बी धर म्हणून सांगशील का?

इथे काकांचं पारडं जड झालं, आणि ते माझ्याही जिव्हाळ्याचं आहे. राणीबाग 1862 मध्ये उघडली. आज बहुतेक मुंबईकर तिथे पेंग्विन बघायला जातात, पण ती वनस्पती उद्यान आहे. तीन हजारांवर झाडं, 286 जाती. 2007 नंतर प्राणिसंग्रहालयाच्या नव्या आराखड्यानं या झाडांवर गदा येणार असं दिसलं, तेव्हा याच शहरातल्या काही बायकांनी नोंदी करून, अर्ज करून, पाठपुरावा करून बाग वाचवली. त्या बागेत उर्वशी आहे, म्यानमारकडून आलेली, लोंबत्या लाल-पिवळ्या फुलांची. जगातल्या सुंदर वृक्षांत तिची गणना होते. पण लागवडीत ती बी फार क्वचित धरते. तिला वाढवायचं तर दाब कलम किंवा गुटी. मातृवृक्ष गेला आणि आधी कलम केलेलं नसलं, की संपलं. तिथे सरमिसळीचा, निवडीचा, शंभर तऱ्हांचा प्रश्नच येत नाही.

ताई: उर्वशीचं मी सोडून देते. तिथे तुमचं बरोबर.

काका: हापूसचंही सोड. कोय पेरली तर हापूस येत नाही.

ताई: हापूसचं नाही सोडणार. हापूसात साका होतो, गर आतून बिघडतो, कलम कितीही चांगलं बांधा. रत्ना आंब्यात तो होत नाही. दापोलीच्या विद्यापीठानं 1981 मध्ये रत्ना दिला, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून. संकर म्हणजे बी. कुणीतरी कोय पेरली, वर्षानुवर्षं थांबलं, फळ चाखलं.

काका: आणि रत्ना निघाल्यावर काय केलं? पुन्हा कोय पेरली?

ताई: नाही. कलमं बांधली.

काका: मग ऐक. तू बी पेर, मी अडवत नाही. त्या बियांतून एखादं अप्रतिम निघालं, तर ते सांभाळायला तुला माझ्याकडेच यावं लागेल. आठ इंची कुंडीत, शेंडा खुडून, दिव्याच्या कोपऱ्यात. तू शोधशील, मी राखीन.

ताई: आणि तुम्ही राखलेल्यातच मी शोधेन. तुमच्याच पिवळीचं रोप माझ्या खिडकीत आहे, तांबूस पहिल्या मजल्यावर आहे. कार्तिकात दोन्ही फुलतील. कुंचल्यानं पराग इकडचे तिकडे करते, बी धरलं तर माघात पेरते. फक्त गच्चीवर जागा हवी, दोन ट्रे पुरतील.

काका: गच्चीचं मी बघतो. पण माझ्या कुंड्यांशेजारी ते ट्रे ठेवायचे नाहीत. तूच म्हणालीस, रोग ब्लेडवरून जातो.

ताई: बियांच्या रोपांना ब्लेड कुठे लागतंय?

काका: मावा उडून येतो की. मला शिकवू नकोस. ट्रे गच्चीवर, कुंड्या इथे. आणि त्यातलं एखादं आवडलं म्हणून लगेच पळत येऊ नकोस. दोन हंगाम फुलू दे, रंग टिकतो का बघ, बुडातून काश्या किती येतात ते मोज. फूल सुंदर आणि काशी एकच, असलं रोप मी कुंडीत घेणार नाही.